मडके उरले, माती गेली

28 जानेवारी 2011 ची रात्र आठवा. इजिप्तमध्ये सरकारविरोधी आंदोलन पेटले होते, कैरोच्या रस्त्यांवरून पोलीस नाहीसे झाले होते आणि तहरीर चौकातील वस्तुसंग्रहालयात चोर छपरावरून उतरले. बाहेर मात्र सामान्य नागरिक हातांत हात गुंफून इमारतीभोवती उभे राहिले. पुढे मार्चमध्ये 54 वस्तू नाहीशा झाल्याचे जाहीर झाले. त्यांतील बऱ्याच नंतर मिळाल्याही.

पण अशी साखळी इमारतीभोवती धरता येते. वाळवंटात पसरलेल्या दफनभूमीभोवती कोण उभे राहणार? कैरोच्या दक्षिणेकडील दहशूर, अबुसीर अल-मलेक येथे चोरट्यांनी खड्डेच खड्डे खणले. माझ्या मते खरे नुकसान तेथे झाले. का, ते पदार्थविज्ञानच सांगते.

मडके भट्टीत भाजले की त्यातील खनिजांत पूर्वी साठलेली ऊर्जा निघून जाते. पुढे ते जमिनीत गाडले गेले, की त्याच्यातील आणि भोवतालच्या मातीतील युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गामुळे पुन्हा ऊर्जा साठू लागते. प्रयोगशाळेत मडक्याचे कण सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की ती मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. एकूण साठ्याला दरवर्षीच्या भरतीने भागा, वय मिळाले! (भागाकार प्राथमिक शाळेतलाच.) पण दरवर्षीची भरती काढायची तर भोवतालची सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंतची माती तपासावी लागते, गॅमा किरण तेथून येतात. चोराने मडके उपटून नेले म्हणजे भाजकच हरवला. मग ते जुने की बनावट एवढे सांगता येते. नेमके वय नाही. शेजारी काय होते, कोणत्या थरात होते, हेही गेलेच.

"माणसे मरत असताना मडक्यांची कसली चिंता?" असे एका सहकाऱ्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. पण राखण करणारीही माणसेच असतात. 2016 साली दैर अल-बर्शा येथे दोन राखणदार चोरट्यांच्या गोळ्यांना बळी पडले. आंदोलन पेटल्यावर धावपळ करण्यापेक्षा शांततेच्या काळातच जवळच्या गावांतून पुरेसे पगारी राखणदार नेमावेत, उत्खननाच्या नोंदींच्या प्रती दुसऱ्या शहरात ठेवाव्यात. आणि कोठून निघाली याची नोंद नसलेली वस्तू कोणत्याही संग्रहालयाने विकत घेऊ नये, मग ती कितीही सुंदर असो.