एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो काय?



मागल्या हंगामात गट ऑफिसात तोडणीची तारीख विचारायला बसलो होतो. एक सभासद खोकत खोकत आत आले. कोणी तरी म्हणालं, "अहो, तोंडाला काही बांधा. कोरोना अजून गेलेला नाही." त्यावर ते हसून म्हणाले, "मला वीस सालीच होऊन गेलाय. आता काय होतंय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो. ते गप्प बसणं मनाला लागून राहिलं, म्हणून आज वार्तापत्राच्या पानावर बोलतो.

आपली ही समजूत वाडवडिलांपासूनची आहे आणि ती खोटी नाही. देवीच्या काळात ज्याच्या तोंडावर वण असत त्यालाच रोग्याच्या उशाशी बसवत, कारण त्याला पुन्हा देवी येत नसत. गोवराचंही तसंच. परंतु सगळे रोग या दोघांसारखे वागत नाहीत. पडसं दर पावसाळ्यात होतं आणि पडसं करणाऱ्या विषाणूंत कोरोनाच्या कुळातले चार जुने विषाणूही आहेत. ते एकाच माणसाला वर्षभराच्या अंतराने पुन्हा गाठतात. नवा कोरोना कोणाच्या वळणावर जाणार, गोवराच्या की पडशाच्या, हा २०२० सालचा मोठा प्रश्न होता.

एप्रिल २०२० मध्ये दक्षिण कोरियातून बातमी आली की बरे होऊन घरी गेलेले रुग्ण तपासणीत पुन्हा पॉझिटिव्ह निघत आहेत. टीव्हीवर ती दिवसभर फिरली आणि रोग 'उलटतो' हा शब्द गावोगाव झाला. आमच्या गावच्या समितीत मीही होतो. पावसाळ्यात दवाखान्यातून बरा होऊन आलेल्या एका गड्याला आम्ही पुरा महिना मळ्यातल्या वस्तीवर ठेवलं. त्याच्या घरचं दूध घ्यायला लोक कचरू लागले. त्याची बायको भाकरी बांधावर ठेवून लांब उभी राही. आम्हाला वाटे, आपण गाव वाचवतोय.

कोरियाच्या आरोग्य खात्याने मात्र मे महिन्यातच छडा लावला होता. अशा पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या १०८ जणांच्या नमुन्यांतून त्यांनी विषाणू वाढवून पाहिला. एकातही जिवंत विषाणू वाढला नाही. तपासणीचं यंत्र मेलेल्या विषाणूचे तुकडेही पकडतं. तोडणी झालेल्या रानात पाचट दिसलं म्हणून कोणी ऊस उभा आहे असं म्हणत नाही, आम्ही नेमकं तेच म्हणत होतो. त्या गड्याला वस्तीवर धाडलं तेव्हा ही माहिती जाहीर होऊन महिने झाले होते. आम्ही वाचली नव्हती, विचारलीही नव्हती. त्याची माफी मी पुढे मागितली. त्याने चहा पाजला, पण विषय बदलला.

तथापि यावरून 'दुसऱ्यांदा होतच नाही' असं धरून चालणाऱ्यांनाही त्याच वर्षी उत्तर मिळालं. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगच्या विद्यापीठाने ३३ वर्षांच्या एका माणसाची हकीकत सांगितली. मार्चमध्ये त्याला कोरोना झाला, बरा झाला. ऑगस्टमध्ये युरोपातून परतताना विमानतळावर तो पुन्हा पॉझिटिव्ह निघाला. दोन्ही वेळच्या विषाणूंची जनुकीय मांडणी वेगळी होती. म्हणजे जुनं पाचट नव्हतं, नवी लागण होती. दुसऱ्या वेळी त्याला काही त्रास झाला नाही ही दिलाशाची गोष्ट. पण त्याच सुमारास अमेरिकेतील नेवाडा राज्यात २५ वर्षांच्या एका तरुणाला एप्रिलनंतर जूनमध्ये पुन्हा लागण झाली आणि या खेपेला त्याला ऑक्सिजन लावावा लागला. बहुतेकांना दुसरी खेप हलकी जाते हे खरं, परंतु ती सगळ्यांनाच हलकी जाईल असा कागद कोणी लिहून दिलेला नाही.

एका गड्याचं सोडा, अख्ख्या शहराचं पाहा. ब्राझीलमध्ये ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात मनौस नावाचं शहर आहे. पहिल्या लाटेत तिथं एवढी लागण झाली की रक्ताच्या तपासणीवरून सुमारे तीन चतुर्थांश लोकांना रोग होऊन गेल्याचा अंदाज निघाला. आता साथ इथं थांबेल असं पुष्कळांना वाटलं. जानेवारी २०२१ मध्ये त्याच शहराच्या दवाखान्यांत ऑक्सिजन संपला. तो अंदाज जादा होता असंही काही जाणकार म्हणतात. पण विषाणूचा नवा प्रकार तिथं पसरला होता आणि आधी होऊन गेलेल्यांपैकीही कितीएकांना त्याने पुन्हा गाठलं, यात वाद नाही.

हे का होतं ते आपल्याला तरी फोड करून सांगायला नको. उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीने शेतकऱ्याला चांगले दिवस दाखवले. लाल कूज रोगाला ती तोंड देते असं लागवडीच्या वेळी सांगितलं गेलं आणि ते तेव्हा खरं होतं. पुढे बुरशीचा नवा प्रकार आला आणि तीच जात फडच्या फड वाळू लागली. ऊस बदलला नव्हता, रोग बदलला होता. कोरोनाचंही असंच आहे. शिवाय माणसाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं काही महिन्यांत उतरत जातात. कतार देशात केलेल्या पाहणीत, पूर्वी होऊन गेलेल्यांना डेल्टा प्रकाराच्या लागणीपासून सुमारे ९० टक्के संरक्षण दिसलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन जगापुढे आला आणि त्याच्यापुढे हे संरक्षण ५६ टक्क्यांवर घसरलं. गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र ओमायक्रॉनच्या वेळीही ८८ टक्क्यांच्या आसपास राहिलं. शरीर शत्रूला पुरतं विसरत नाही. म्हणून आज २०२० सारखं भिण्याचं कारण नाही. पण साठी ओलांडलेल्या, साखरेच्या किंवा दम्याच्या माणसाने 'होऊन गेलाय' म्हणून ताप अंगावर काढू नये, आणि तरण्याने खोकत त्याच्या शेजारी बसू नये.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं त्या गोष्टीकडे येतो. हंगामात टोळ्या आपल्या रानात उतरतात. खोपी एकमेकींना चिकटून, पाणी एका टाकीचं, झोप एका ताडपत्रीखाली. टोळीत एकाला ताप आला की मुकादम म्हणतो, "तुला मागेच होऊन गेलाय, हे साधं आहे, चल फडात." मजूरही उठतो. कारण खाडा झाला तर दंड उचलीच्या खात्यावर चढतो, आणि नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असल्याने एक पडला की दोघांची मजुरी बुडते. बांधावर उभे राहून आपणही मुकादमाचीच री ओढतो, हे कबूल केलं पाहिजे. ऊस तुऱ्यावर आलेला असतो, वजन घटत असतं, पाळी चुकली तर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. माझ्याही तोंडून ते वाक्य गेलेलं आहे.

माझं म्हणणं एवढंच की 'होऊन गेलाय' हे ना कोणाला वेशीबाहेर ठेवायला कारण होतं, ना तापातल्या माणसाला फडात घालायला. ताप असेल तर तो कोरोना आहे की हिवताप की डेंग्यू हे डॉक्टरने ठरवावं, मुकादमाने नव्हे आणि आपणही नव्हे. डॉक्टरची चिठ्ठी असलेल्या आजारपणाचा खाडा धरू नये, आणि त्या दिवसांची निम्मी मजुरी कारखाना व सभासद यांनी मिळून द्यावी. टनामागे हा बोजा किती पडेल याचा हिशेब शेतकी खात्याने मांडावा. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी हा विषय मी लेखी देत आहे. अनुमोदनाला एक सभासद हवा आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद