पदवीबरोबर पेला?

शिक्षण वाढले की व्यसन घटते, ही आपली भाबडी समजूत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची १९७५ पासून चाललेली पाहणी तिला छेद देते. शाळेत असताना महाविद्यालयाची आकांक्षा धरणारी मुले इतरांपेक्षा कमी अतिमद्यपान करीत. महाविद्यालयात गेल्यावर मात्र तीच बाहेरच्या समवयस्कांना मागे टाकीत, असे अनेक वर्षे आढळले. तेही एकवीस वर्षांखालील मुलांना मद्यखरेदीची बंदी असताना! दोष बुद्धीचा नव्हे, परिसराचा आहे. घर सुटते, वसतिगृहातील संगत मिळते, संसाराची जबाबदारी लांबते. म्हणून मुलांना पुण्यास वा परदेशी धाडताना पालकांनी केवळ शुल्काची तजवीज करून भागणार नाही. नित्याचा मोकळा संवाद आणि घराची ओढ हीच खरी तटबंदी होय.