पडलेल्या पुतळ्यांचे करावे काय?

राज्ये लयास जातात. त्यांचे पुतळे मात्र मागे उरतात. पूर्व बर्लिनमध्ये १९७० साली लेनिनचा १९ मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा पुतळा उभारला गेला. साम्यवादी राज्य मावळल्यावर १९९१ साली तो उतरविण्यास आरंभ झाला, आणि त्याचे शंभराहून अधिक तुकडे करून ते नगराच्या सीमेवरील अरण्यात पुरण्यात आले. पुढे २०१५ साली त्याचे साडेतीन टनांचे मस्तक उकरून काढिले. २०१६ पासून ते श्पांडाउच्या किल्ल्यातील संग्रहालयात आडवेच ठेविलेले आहे. एके काळी असेच पुरलेले प्रशियाच्या राजांचे पुतळेही त्याच संग्रहात आहेत.

आपण मूर्तीचे विसर्जन करितो ते उत्तरपूजेनंतर, कृतज्ञतेने. सत्तेचा पुतळा पुरणे हे विसर्जन नव्हे. ती केवळ दृष्टीआड सृष्टी होय. त्या सत्तेखाली ज्यांनी कारावास भोगिला, त्यांची दुःखे पुतळ्याबरोबर पुरली जात नाहीत. म्हणून आम्हांस वाटते, की अशा पुतळ्यास चौथरा नसावा, आणि खड्डाही नसावा. तो पाहणाऱ्याच्या बरोबरीने भुईवर असावा. म्हणजे ‘हा कोण?’ असे मुलाने विचारिले असता वडिलांस सर्व वृत्तांत सांगणे भाग पडेल.