मला कुठली लोकल गाठायची नाही

आमच्या वयाच्या लोकांचं एक लाडकं वाक्य आहे : ‘वडिलांनी नुसते डोळे वटारले तरी आम्ही गप्प बसायचो.’ बसायचो खरं. पण वडिलांची पाठ वळली की पुन्हा तेच उद्योग सुरू व्हायचे, हे मात्र कुणी सांगत नाही.

डोंबिवलीतल्या आईबापांची सकाळ लोकलच्या वेळेवर चालते. पोरानं बूट घालायला वेळ लावला की त्यांचा आवाज चढतोच. मी त्यांना दोष देत नाही. मला कुठली लोकल गाठायची नसते. आजी-आजोबांची सहनशीलता म्हणतात ती बरीचशी एवढ्यावरच उभी आहे.

माझा सहा वर्षांचा नातू हरायला लागला की कॅरमच्या सोंगट्या उधळतो. तेव्हा उपदेश करण्यात अर्थ नसतो, त्याला ऐकूच येत नसतं. मी शेजारी बसून राहते. रडं ओसरलं की विचारते, ‘राणी कुठे गेली रे?’ मग कपाटाखाली हात घालायला स्वारी स्वतःच पालथी पडते. मात्र सगळ्या सोंगट्या सापडेपर्यंत पुढचा डाव नाही. त्यात सूट नाही, कितीही गोड बोलला तरी.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं तिकडे फिरकेनात. त्यांना आळशी न ठरवता ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली. मूल ऐकत नाही म्हटल्यावर ते का ऐकत नाही, हे आधी पाहायचं. आमच्याकडे निम्म्या वेळा कारण भूक किंवा झोप एवढंच निघतं.

शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. घरी मात्र ‘हा अजून अंथरुणात शू करतो’ हे पाहुण्यांना हसत सांगणारे आपणच. पोर मान खाली घालतं, आपण चहा ओततो. माझ्या मते पाठीतल्या धपाट्याइतकंच हे वाईट. रागवायचं तर आत नेऊन, दार लोटून, हळू आवाजात, हे माझं पहिलं पथ्य.

दुसरं पथ्य सुनेच्या बाबतीतलं. तिनं ‘आज मोबाइल नाही’ म्हटलं की माझाही नाही. लपूनछपून फोन हातात देणारी आजी त्याला लाडकी वाटेल, पण मग घरात कुणाच्याच ‘नाही’ला किंमत उरत नाही. तिचा गृहपाठाचा आग्रह मला अती वाटतो. ते मी तिला सांगते, नातू झोपल्यावर. ‘आई, तुम्ही त्याला फार सवलत देता,’ असं तीही मला ऐकवते. तेही तो झोपल्यावरच.