ओझं कुणी ठरवायचं?

‘दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला सांगता?’ तीर्थपुरीत कुणी अंगणात लोखंडी बार आणि चार प्लेटा आणून ठेवल्या, तर पारावर पहिला आक्षेप हाच निघेल. तो घेणारे बहुधा स्वतः राबलेले असतात, म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. तरी तो चुकीचा आहे.

हा ऊसपट्टा. तोडणीच्या हंगामात कोयत्यावरची माणसं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढतात. मोळी किती जड, खेपा किती, हे मुकादम आणि गाडी भरण्याची घाई ठरवते. आडतीवरच्या हमालाला पहिल्या दिवशीही ५० किलोचा कट्टा आणि कंबर धरली त्या दिवशीही ५० किलोचाच. शरीर ताकद कमावतं ते ओझं आवाक्यातलं असेल, थोडंथोडं वाढत जाईल आणि मधे विसावा मिळेल तेव्हा. मजुरीत यातलं काहीच उचलणाऱ्याच्या हातात नसतं. जन्मभर पोती वाहिलेली माणसं ताठ न राहता वाकलेली का दिसतात, याचं उत्तर इथं आहे. कष्टानं अंग झिजतं तसं घडतंही, पण किती घडायचं हे कष्ट विचारून ठरवत नाहीत.

बारचं वेगळेपण नेमकं इथं आहे. रिकामा बार २० किलोचा. दोन्ही टोकांना सव्वा किलोची एकेक प्लेट लावली की साडेबावीस. पुढच्या आठवड्यात झेपलं तर पंचवीस, नाही झेपलं तर तेवढंच. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना अमेरिकेतले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये हेच तत्त्व मांडलं: हलकं वजन शेकडो वेळा हलवण्यापेक्षा जड वजन मोजक्या वेळा उचला आणि ते वाढवत न्या.

दुसरा आक्षेप परंपरेचा. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्याच घनसावंगी तालुक्यात. टाकळीला ते रोज १२०० नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. मग हे विलायती लोखंड कशाला? नमस्कारांना, दंड-बैठकांना मी कमी लेखत नाही. दमसास आणि लवचिकता त्यांनी येते. पण शंभर बैठकांच्या पाचशे केल्या तरी पायांवरचं ओझं आपल्या देहाएवढंच राहतं. आपल्या तालमींना हे ठाऊक होतं. नुसत्या जोर-बैठकांवर भागलं असतं, तर मुद्गलांच्या जड जोड्या, दगडी नाल आणि मारुतीपुढचा गोटा कशाला लागला असता? गोट्याची अडचण एवढीच की त्याला सव्वा किलो जोडता येत नाही. जुन्याच विचाराला सोयीचं अवजार मिळालं, इतकंच यात विलायती आहे.

पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं बघा. १६०० मीटरसाठी जीव काढतात. मात्र ७.२६० किलोच्या गोळ्याला पन्नासपैकी १५ गुण आहेत, आणि त्यासाठी पाय, पाठ, खांदे कमवायचे असतात हे त्यांना सांगणारा भेटत नाही.

जिम आणि पावडरच्या डब्याशिवाय हे जमत नाही, हा आक्षेप दुकानदारांचा आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात; दूध, अंडी, डाळ आहेच. उचली चारच पुरेत: खांद्यावर बार घेऊन बैठक, जमिनीवरून डेडलिफ्ट, उभ्यानं डोक्यावर प्रेस, वाकून पोटाशी ओढणं. आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस सोडून. वीज गेली तरी अडत नाही.

पाठ मोडेल, ही भीती मात्र पोकळ नाही. स्वस्तातल्या लहान प्लेटांमुळे बार जमिनीला टेकल्यासारखा राहतो आणि उचलणारा पाठीची कमान करून वाकतो. स्पर्धेतली प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे तिथं बार साडेबावीस सेंटिमीटर उंच असतो. घरी प्लेटांखाली लाकडी ठोकळे लावून तेवढी उंची आणावी. हे शहाबादी फरशीवर करू नये, फरशी फुटते आणि मग घरातले सगळेच व्यायामाचे विरोधक होतात. बैठकीसाठी बार अडवणारा मजबूत स्टँड हवा. बाकावर उताणं पडून छातीवरून बार ढकलण्याचा प्रकार एकट्यानं तर करूच नये. अडकला तर उचलायला कुणी नसतं.

सगळ्यात ढोंगी आक्षेप बायकांबद्दलचा. मोळी डोक्यावर घेऊन फळी चढणाऱ्या बाईला हे शोभतं का, असं कुणी विचारत नाही. तिनं बारला हात लावला की शोभेचा प्रश्न येतो. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटानं आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि प्रेस केले, तेही जड वजनानं. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली. जड उचलणाऱ्यांपैकी एकीच्या कमरेत किरकोळ चमक भरली, एवढीच इजा.

साठीच्या बाईनं थेट बारला भिडू नये, २० किलो जास्त आहेत. रक्तदाब किंवा हाडांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. मग पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कॅन छातीशी धरून खुर्चीवरून पाच वेळा उठावं, दम घ्यावा, पुन्हा पाच वेळा. सोपं वाटू लागलं की दहा लिटरचा कॅन घ्यावा.