मारणारे मूल, मार खाणारे मूल आणि आपण

काही वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याच्या एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलास घेऊन माझ्याकडे आल्या. मूल क्षणात हसे, क्षणात पेटे आणि पेटले की धाकट्या बहिणीवर धावून जाई. पित्तप्रकोप व निद्रानाश पाहून मी सारस्वतारिष्ट आणि ब्राह्मीघृत दिले. तीन महिन्यांनी ती बहीणही सोबत आली, तेव्हा तिच्या दंडावर दातांचे व्रण दिसले. तोवर मी तिच्याविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता. औषधाची निवड चुकलीही नसेल; परंतु माझी चिकित्सा बाटलीपाशीच थांबली होती.

आपल्या वसई-विरार परिसरात अशी कुटुंबे थोडी नाहीत. आईवडील पहाटेची लोकल पकडतात, रात्री थकून परततात. एका खोलीत दोन मुले दिवस काढतात. त्यातच नातलगांचे शेरे असतात : ‘लाडाने बिघडवला’, ‘दोन फटके द्या’. खेदाची गोष्ट ही, की आपल्यापैकी काही जणही हाच सल्ला देतात. वास्तविक चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात, मूल रडत असले, ऐकत नसले तरी त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे बजावले आहे. सुश्रुताचार्यांनीही बालकाला दरडावण्यास मनाई केली आहे. त्रिविध चिकित्सेतील सत्त्वावजय आपण परीक्षेपुरता पाठ केला. चिकित्सालयात तो क्वचितच येतो.

भावंडांची प्रत्येक मारामारी म्हणजे व्याधी नव्हे. परंतु आधुनिक मानसरोगशास्त्राने २०१३ मध्ये अशा मुलांसाठी स्वतंत्र निदान मांडले : दहाव्या वर्षाच्या आत सुरू झालेले, आठवड्यातून तीन वा अधिक वेळा येणारे, वर्षभर टिकणारे संतापाचे उद्रेक आणि मधल्या काळातही कायम चिडचिड. हे निदान करणे तज्ज्ञांचे काम. शंका घेणे मात्र आपले काम आहे.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की अशा प्रत्येक प्रसंगी मार खाणाऱ्या भावंडाचीही विचारपूस व तपासणी व्हावी. आईवडिलांशी मुलांच्या माघारी बोलावे. उद्रेकाच्या वेळी प्रथम दोघांना वेगळे करावे, सुऱ्या-कात्र्या हाताबाहेर ठेवाव्यात, तुलना टाळावी, झोपेची वेळ बांधावी आणि प्रत्येक मुलास रोज थोडा स्वतंत्र वेळ द्यावा, हे त्यांना समजावून सांगावे. मारून शिकवलेले मूल मारायलाच शिकते.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. ‘मुलाला शांत करणारे काही द्या’ अशी मागणी आली, तर चिठ्ठीवाचून काही देऊ नये. स्मृतिसागर रसात पारद, हरताळ व मनःशिला आहेत. अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना कायद्यानेच बंधनकारक आहे. अरिष्टांत स्वयंजनित मद्य असते, हेही विसरू नये.

मुलाने मरणाची भाषा केली, शस्त्र उचलले किंवा भावंडास गंभीर इजा केली, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क मिळते. तो क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात लावावा. रुग्णास पुढे पाठविण्यात आयुर्वेदाचा पराभव नाही. आपल्या दारात एक मूल उपचार घेत असताना घरी दुसरे मुकाट मार खात राहिले, तर तो मात्र आपला पराभव आहे.