अंगठा आपला, तर कुलूपही आपल्याच हाती हवे

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या एक मावशी एक कागद घेऊन घरी आल्या. म्हशीसाठी कर्ज मागायला त्या बँकेत गेल्या होत्या. ‘तुमच्या नावावर आधीचेच चाळीस हजार थकले आहेत,’ असे सांगून साहेबांनी त्यांना परत पाठवले. ‘गुरुजी, ह्ये कर्ज मी घेतलंच न्हाई की ओ!’ एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. चौकशी केली तेव्हा कळले, की दोन वर्षांपूर्वी ‘योजना आली आहे’ असे सांगून कोणीतरी गल्लीतल्या बायकांकडून आधारची झेरॉक्स आणि अंगठे घेऊन गेला होता. मावशी चौथीपर्यंत मराठी शिकल्या आहेत. पण कागद होता कन्नड आणि इंग्रजीत.

आपण ज्याला ‘सिबिल’ म्हणतो तो आपल्या कर्जव्यवहाराचा उतारा असतो. 2005 च्या कायद्याखाली असे उतारे ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत आणि सिबिल ही त्यांपैकी एक. कर्ज देण्यापूर्वी बँक हा उतारा पाहते. म्हणजे आपल्या नावाने दुसऱ्याने कर्ज उचलले, तरी डाग आपल्याच उताऱ्यावर पडतो.

अमेरिकेत यावर एक साधा उपाय आहे. 2017 साली तिथल्या इक्विफॅक्स या कंपनीतून सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती चोरीला गेली. त्यानंतर कायदा झाला आणि 21 सप्टेंबर 2018 पासून तिथल्या प्रत्येक नागरिकाला आपला उतारा फुकट गोठवता येऊ लागला. उतारा गोठवला, की नव्या सावकाराला तो पाहता येत नाही. आणि उतारा पाहिल्याशिवाय सहसा कोणी कर्ज देत नाही. स्वतःला कर्ज हवे असेल तेव्हा कुलूप काढायचे, काम झाले की पुन्हा लावायचे. हीच इक्विफॅक्स आपल्याकडच्या चार कंपन्यांतही आहे. मात्र सर्वांना फुकट कुलपाचा असा हक्क आपल्या कायद्याने अद्याप दिलेला नाही. तो मिळाला पाहिजे, ही आपली पहिली मागणी असावी.

तोवर हातात आहे ते तरी वापरूया. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण उतारा फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अनोळखी कर्ज दिसल्यास तक्रार नोंदवावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद 2024 पासून लागू आहे. आपला उतारा कोणी पाहिला, तर मोबाईलवर संदेश येण्याचीही तरतूद आहे. पण त्यासाठी बँकेत आपला चालू नंबर हवा, मुलाचा बंद पडलेला नव्हे.

अंगठ्याला मात्र कुलूप आहे. 2023 साली आपल्याच राज्यात, मंगळूर-बंगळूरकडे, जमिनीचे दस्त नोंदवलेल्या अनेकांच्या खात्यांतून परस्पर पैसे गेल्याच्या तक्रारी झाल्या. दस्तांवरचे ठसे चोरून वापरल्याचा संशय होता. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाईल अ‍ॅपवरून बोटांचे ठसे बंद करून ठेवता येतात. रेशनला किंवा पैसे काढायला जाताना तेवढ्यापुरते उघडावे. यासाठी आधारला मोबाईल जोडलेला हवा. 1947 या नंबरवर मराठीतून माहिती मिळते. पैसे गेलेच, तर विलंब न करता 1930 वर कळवावे.

आता भाषेचा प्रश्न. कर्जाच्या अटींचा मुख्य तपशील कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून दिला पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. ऑक्टोबर 2024 पासून सर्व नव्या किरकोळ कर्जांना ते लागू आहे. नियमात ‘राज्याची भाषा’ असे म्हटलेले नाही, ‘कर्जदाराला समजणारी भाषा’ असे म्हटले आहे. घटनेच्या 350 व्या कलमानेही सरकारी कार्यालयाकडे गाऱ्हाणे मांडताना देशात वा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा वापरण्याचा अधिकार दिला आहे. मग मराठी कागद मागताना आपण संकोच का करावा? कन्नड भाषेशी आपले भांडण नाही. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवण्याशी आहे.

फलकावरील मराठीसाठी आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. तितकाच आग्रह कर्जाच्या कागदासाठीही धरला पाहिजे, कारण फलक पुसला तर पुन्हा लिहिता येतो, पण बुडालेली पत सावरायला वर्षे जातात. आमच्या समितीने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेत टेबल मांडून लोकांचे उतारे मागवून द्यायचे आणि ठशांना कुलूप लावून द्यायचे ठरवले आहे. गावोगावच्या शिकलेल्या मुलांनी हे काम उचलावे. आणि माता-भगिनींनी एवढेच लक्षात ठेवावे, की ‘मराठीत लिहून द्या, मग अंगठा देते’ असे सांगण्यात लाज नाही. मावशींची तक्रार आम्ही पाठवली आहे, मराठीतूनच.